वन-बाय एमटीबीवर रोड सायकलचे गिअर: आधी हिशेब, मग माप, मग खरेदी

एमटीबी (माउंटन बाइक) घेणाऱ्या बहुतेकांची सायकल डांबरावरच चालते. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. सपाटीवर रोडवाल्यांबरोबर राहता येत नाही, उतारावर पाय रिकामे फिरतात, एक गिअर जड वाटतो आणि पुढचा एकदम हलका. मग कुणीतरी सुचवतं, ‘रोडची कॅसेट टाक.’ कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा, कॉगांचा, संच. ऑनलाइन ऑर्डर जाते, ११-२८ (सगळ्यात छोटा कॉग ११ दात्यांचा, मोठा २८ चा) घरी येते आणि ती फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबवरच्या कॅसेटच्या दांड्यावर, बसतच नाही. किंवा बसते, पण लॉकरिंग (कॅसेट घट्ट धरणारी कडी) कितीही आवळलं तरी कॉग हलत राहतात. किंवा सगळं बसतं, आणि नव्याने घेतलेला रोडचा शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ) तीन गिअर नीट टाकून चौथ्याला अडखळतो.

या तिन्ही फसगतींचं मूळ एकच आहे: वस्तू आधी घेतली आणि माप नंतर काढलं. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. उदाहरणासाठी आपल्याकडे सर्रास दिसणारी सायकल धरली आहे: २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली), २.२ इंच रुंद टायर, पुढे पेडलजवळ ३२ दात्यांची एकच चेनरिंग (म्हणजेच वन-बाय), मागे शिमानोची १० स्पीड, म्हणजे दहा कॉगांची, ११-४६ कॅसेट.

स्रॅम कंपनीचा टी-टाइप ट्रान्समिशन हा गिअरचा गट असेल तर पुढचं वाचत बसू नका. त्यात डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) थेट फ्रेमवर बसतो आणि त्याला त्याचीच कॅसेट लागते.

टप्पा १: नेमकं काय खुपतंय ते ठरवा

तक्रारी तीन असतात आणि तिघींचे उपाय वेगवेगळे आहेत. वेग कमी पडत असेल तर चेनरिंग बदलायची. दोन गिअरांमधली उडी मोठी वाटत असेल तर कॅसेट. ड्रॉप बार (रोड सायकलचं खाली वळलेलं हँडल) हवा असेल तर शिफ्टर, डिरेलर आणि ब्रेक असं सगळंच. एका तक्रारीवर दुसऱ्याचा उपाय केला की पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

आधी वेगाचं बघू. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते. २९ × २.२ चा परीघ साधारण २.२९ मीटर. ३२ ला ११ ने भागलं की २.९१, म्हणजे एका फेऱ्यात ६.६६ मीटर. मिनिटाला ९० फेरे धरले तर ताशी ३६ किलोमीटर होतात. चेनरिंग ३४ ची केली तर ताशी ३८ च्या थोडं वर, ३६ ची केली तर साडेचाळीस.

आता स्वतःला विचारा: सपाटीवर, वारा पाठीशी नसताना, एमटीबीवर ताशी ३६ किती वेळ टिकतं? बहुतेकांचं टिकत नाही. वेग अडतो तो खडबडीत टायर आणि सरळ बसण्यामुळे, गिअर संपल्यामुळे नव्हे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वेगाचीच तक्रार असेल तर आधी गुळगुळीत टायर टाका, दोन आठवडे चालवा आणि मगच चेनरिंगचा विचार करा.

गिअरमधल्या उडीची तक्रार मात्र खरी आहे. ११-४६ कॅसेटचे कॉग असे आहेत: ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३२, ३७, ४६. डांबरावर आपण ज्या पट्ट्यात राहतो तिथेच १५ वरून एकदम १८ येतो. ही २० टक्क्यांची उडी आहे. ताशी २४ किलोमीटरने चालला असाल तर १५ च्या कॉगवर पाय मिनिटाला ८२ फेरे मारतात आणि १८ वर टाकताच ९८. एक जड आणि एक हलका वाटतो तो यामुळेच. रोडच्या ११-३४ मध्ये त्याच जागी १५, १७, १९, २१, २३ असे कॉग येतात आणि १५ ते १७ ही उडी १३ टक्क्यांवर येते.

१२ स्पीडवाल्यांनी इथेच थांबून एक गोष्ट पाहावी. शिमानोच्या १०-५१ ला पर्याय म्हणून लोक १०-४५ घेतात. दोन्हींचे पहिले आठ कॉग सारखेच आहेत: १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८. फरक फक्त चढाच्या बाजूला आहे. सपाटीवरची उडी कमी करायला १०-४५ घेणं म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय मायक्रो स्प्लाइन या शिमानोच्या १२ स्पीड एमटीबीच्या फ्रीहबवर शिमानोची रोडची कॅसेट बसत नाही. त्यांनी चेनरिंग दोन दात्यांनी वाढवावी आणि कॅसेट आहे तशी राहू द्यावी.

तपासा: पैसे टाकण्याआधीची फुकट परीक्षा

रोडची कॅसेट टाकली की चढाचे गिअर जातात. हे कागदावर कळतं, पण पटतं ते पायांना. म्हणून तुमच्या नेहमीच्या सगळ्यात अवघड चढावर, म्हणजे सिंहगड, खंबाटकी किंवा तुमच्याकडे जो असेल तिथे, मागचे सगळ्यात मोठे दोन कॉग न वापरता चढा. ११-४६ मध्ये आठवा कॉग ३२ चा आहे. त्यावर ३२ च्या चेनरिंगने एका फेऱ्यात २.२९ मीटर जाता येतं. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी सव्वाआठ किलोमीटर.

असं न उतरता चढलात तर खालचे सगळे पर्याय खुले आहेत. गुडघे कुरकुरले किंवा मधेच उतरावं लागलं तर रोडची कॅसेट तुमच्यासाठी नाही. पाठीवर सामान घेऊन फिरणाऱ्यांनी परीक्षा सामानासकट द्यावी.

टप्पा २: सायकलवर काय बसलंय ते लिहून काढा

कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा. दुकानदाराला फोन करण्याआधी हा कागद तयार हवा.

१. मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील? स्वस्त ७ स्पीड एमटीबींवर अनेकदा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. चाक काढा आणि कॉग उलटे फिरवा. मधली, हत्यार बसायची खाचेदार कडी कॉगांबरोबर फिरली तर कॅसेट. ती स्थिर राहून फक्त कॉग फिरले तर फ्रीव्हील. फ्रीव्हीलच्या हबवर कोणतीही कॅसेट बसत नाही. चाकच बदलावं लागतं, आणि त्या खर्चात हा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

२. फ्रीहब कोणता? शिमानोचा जुना, सर्वत्र दिसणारा एचजी, की मायक्रो स्प्लाइन, की स्रॅमचा एक्सडी?

३. किती स्पीड? कॉग मोजा. शिफ्टरवरच्या आकड्यावर विसंबू नका. जुनी सायकल घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय जोडलंय सांगता येत नाही.

४. मागच्या डिरेलरचा आणि शिफ्टरचा मॉडेल क्रमांक. डिरेलरचा बहुधा आतल्या बाजूला, मातीखाली असतो. फडक्याने पुसा आणि फोटो काढा.

५. चेनरिंग कशी जोडली आहे? चार बोल्टांची असेल तर दोन समोरासमोरच्या बोल्टांमधलं अंतर मोजा. १०४ मिलिमीटर आलं तर चेनरिंग सहज मिळते. शिमानोच्या काही क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) बोल्ट समान अंतरावर नसतात, त्यांची चेनरिंग वेगळी. थेट क्रँकवर बसणारी असेल तर कंपनीप्रमाणे जोड वेगळा. काही स्वस्त क्रँकवर चेनरिंग रिव्हेट मारून पक्की केलेली असते. ती बदलता येत नाही.

टप्पा ३: शिफ्टर आणि डिरेलरची जोडी ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्यामुळे हा टप्पा सावकाश वाचा.

शिफ्टरची एक टिचकी ठरावीक केबल ओढते. तेवढी केबल ओढली गेल्यावर डिरेलर किती सरकायचं ते त्याच्या रचनेवर ठरतं. या दोघांचं गणित जुळलं तरच चेन बरोबर कॉगखाली येते. कॅसेटला या भानगडीशी फारसं देणंघेणं नाही. शिमानोच्या ८, ९, १० आणि ११ स्पीडमध्ये, स्पीड तेवढीच असेल तर, रोड आणि एमटीबी कॅसेटच्या कॉगांमधलं अंतर व्यवहारात सारखंच असतं. म्हणजे शिफ्टर आणि डिरेलर ही कुलूप-किल्ली आहे. त्यांची फारकत करायची नाही. कॅसेट बदलता येते.

शिमानोचं असं आहे:

- ८ आणि ९ स्पीड: रोड आणि एमटीबी एकमेकांना चालतात. ९ स्पीडच्या रोड शिफ्टरवर ९ स्पीडचा एमटीबी डिरेलर बिनदिक्कत चालतो.
- १० स्पीड: चालत नाहीत. एमटीबीच्या १० स्पीड डिरेलरचं प्रमाण वेगळं आहे. त्यात टियाग्रा ४७०० ही शिमानोची रोडची मालिका म्हणजे आणखी एक गंमत: ती १० स्पीड असूनही तिची ओढ ११ स्पीड रोडसारखी आहे, त्यामुळे जुन्या १० स्पीड रोड डिरेलरशीही तिचं जमत नाही.
- ११ स्पीड: रोड आणि एमटीबी एकमेकांना चालत नाहीत.
- क्यूज (शिमानोचाच वेगळा गट): त्यांच्या घरातलं त्यांच्याच घरात. त्याला लिंकग्लाइड कॅसेटच लागते.

स्रॅममध्ये रोडचा १० स्पीड शिफ्टर एमटीबीच्या १० स्पीड डिरेलरवर चालतो. दोघांची ओढ एकच आहे. ११ स्पीड एमटीबी मात्र वेगळी पडते.

सावध: ‘दोन्ही शिमानो, दोन्ही १० स्पीड, मग का चालणार नाही?’ असं म्हणत रोडचा शिफ्टर आणि एमटीबी डिरेलर जोडणारे पुष्कळ आहेत. केबलचा ताण कितीही बदला, एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडतं. हा ट्यूनिंगचा दोष नाही. तास न् तास बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करायची फिरकी) फिरवत बसू नका. अशी जोडी करायचीच असेल तर केबलची ओढ बदलणारी छोटी पुली मध्ये लावतात; वुल्फ टूथचा टॅनपॅन आणि जेटेकचा शिफ्टमेट ही त्याची नावं. चालतं, पण बिघडायला आणखी एक जागा तयार होते.

टप्पा ४: मार्ग निवडा

*पहिला मार्ग: शिफ्टर, डिरेलर तेच, फक्त कॅसेट आणि लागली तर चेनरिंग.* दहातल्या आठ जणांनी हाच घ्यावा.

यात एक अडचण आहे. डिरेलरच्या माहितीपत्रात सगळ्यात मोठा कॉग जास्तीत जास्त किती हे सगळे पाहतात. कमीत कमी किती हे कुणी पाहत नाही. ११-४६ साठी बनवलेल्या डिरेलरची वरची पुली (चेन जिच्यावरून जाते ते छोटं दातेरी चाक) मोठ्या उताराच्या कॅसेटला समांतर सरकते. तिच्याखाली ११-२८ सारखी जवळजवळ सपाट कॅसेट लावली की पुली काही कॉगांपासून फार लांब राहते. चेन सरकते, पण आळसावल्यासारखी. ११-३४ चा ३४ सुद्धा बऱ्याच डिरेलरांच्या अधिकृत मर्यादेखाली येते. घराजवळ वापरायला ते पुष्कळदा चालून जातं, पण कुरकुर ऐकायची तयारी ठेवा.

म्हणून माझी शिफारस वेगळी आहे: एमटीबीचीच जुन्या धाटणीची १० स्पीड ११-३६ कॅसेट. तिचे कॉग ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३६. सपाटीच्या पट्ट्यात ती हुबेहूब रोडच्या ११-३४ सारखी आहे, फ्रीहबवर बिनातक्रार बसते आणि वर ३६ चा कॉग मिळतो. पुढे ३४ ची चेनरिंग लावली तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात २.१६ मीटर. रोड सायकलच्या ३४-३४ ला २८ च्या टायरवर साधारण २.१४ मिळतात. म्हणजे चढावर तुम्ही रोडवाल्यांच्या बरोबरीला. फुकट परीक्षेतल्या २.२९ पेक्षा हे थोडं हलकंच आहे, त्यामुळे ती पास झालात तर इथे अडायचं कारण नाही.

डिरेलरच्या माहितीपत्रात कमीत कमी ४२ असं स्पष्ट लिहिलं असेल तर ३६ सुद्धा मर्यादेबाहेर, हे ध्यानात घेऊनच निर्णय घ्या. ३४ पेक्षा ते नक्की बरं.

*दुसरा मार्ग: सरळ हँडल तेच, पण शिफ्टर आणि डिरेलर दोन्ही रोडचे.* शिमानोचे सरळ हँडलसाठीचे रोड शिफ्टर मिळतात: ११ स्पीडला एसएल-आरएस७००, १० स्पीडला टियाग्रा ४७००. ११ स्पीडसाठी त्याच्या जोडीला शिमानोच्याच जीआरएक्स गटाचा डिरेलर घ्यावा, कारण त्यात क्लच (चेन हिसक्यात सैल पडू न देणारी यंत्रणा) असतो. साध्या रोड डिरेलरला बहुधा क्लच नसतो. पुढे एकच चेनरिंग असताना खड्ड्यात चेन पडते. जीआरएक्स आरएक्स८१० हा ३० ते ३४ च्या कॉगसाठी आणि आरएक्स८१२ हा ४० ते ४२ साठी आहे. नावं सारखी दिसतात, ऑर्डर करताना शेवटचा आकडा पाहा.

*तिसरा मार्ग: ड्रॉप बार.* याचं शेवटी बोलू.

सावध: ११ स्पीडवाल्यांसाठी १.८५ मिलिमीटरची गोष्ट. रोडच्या ११ स्पीड कॅसेटला १.८५ मिलिमीटर जास्त लांब फ्रीहब लागतो. एमटीबीची ११ स्पीड कॅसेट मात्र जुन्याच लांबीच्या फ्रीहबवर बसते, कारण तिचा मोठा कॉग आत स्पोकांवर झुकलेला असतो. म्हणून ‘माझी ११ स्पीड आहे, रोडची ११ स्पीड बसेल’ हा अंदाज चुकतो. अपवाद आहेत शिमानोच्या एचजी७०० आणि एचजी८०० या ११ स्पीड ११-३४ कॅसेट. त्या जुन्या लांबीच्या फ्रीहबवर बसतात. एमटीबीवाल्यांनी त्याच शोधाव्यात.

टप्पा ५: फ्रेमवर जागा आहे का, ते मोजा

चेनरिंग वाढवणार नसाल तर हा टप्पा सोडा.

एमटीबीच्या फ्रेममध्ये चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) जाड टायरसाठी बाहेर वळलेला असतो. मोठी चेनरिंग त्यालाच घासते. चेनरिंगचे दोन दाते वाढले की तिची त्रिज्या ४ मिलिमीटरने वाढते. दात्यांच्या टोकापर्यंत त्रिज्या साधारण अशी धरा: ३२ ला ६९ मिलिमीटर, ३४ ला ७३, ३६ ला ७७, ३८ ला ८१. जाड पुठ्ठ्याची त्या मापाची चकती कापा, अर्धी करा आणि आताच्या चेनरिंगला आतून टेकवून धरा. चकतीची कड आणि चेनस्टे यांच्यात किमान ३ मिलिमीटर हवेत. जोर लावून पेडल मारताना फ्रेम लवते, म्हणून काठोकाठ जागा चालत नाही.

फ्रेमच्या कंपनीने जास्तीत जास्त चेनरिंग किती ते दिलेलं असेल तर तेच अंतिम. पुठ्ठा काहीही म्हणो.

सावध: रोडचा क्रँकसेट एमटीबीवर चढवू नका. रोडच्या दोन चेनरिंगच्या क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनपर्यंतचं अंतर) ४३.५ मिलिमीटरच्या आसपास असते. साध्या एमटीबीची ४९-५० आणि बूस्टची, म्हणजे १४८ मिलिमीटर रुंद हबवाल्यांची, ५२. चेनरिंग इतकी आत आली की चेनस्टेला लागते, आणि नाही लागली तरी चेन मोठ्या कॉगवर तिरकी चालते. ५०-३४ चा क्रँक स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं. त्याचप्रमाणे १३० मिलिमीटर हबचं रोडचं मागचं चाक १३५, १४२ किंवा १४८ च्या फ्रेममध्ये बसवायच्या फंदात पडू नये.

टप्पा ६: खरेदी

पहिल्या मार्गासाठी यादी छोटी आहे: कॅसेट, तिच्याच स्पीडची नवी चेन, क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी), गिअरची आतली केबल आणि लागली तर नॅरो-वाइड (एक जाड, एक बारीक अशा दात्यांची) चेनरिंग. हत्यारांत लॉकरिंगचं टूल, चेनव्हिप, चेन तोडायचं टूल, ॲलन की, आणि कुणाकडून तरी उसना टॉर्क रेंच.

चेन नवीच घ्या. जुनी झिजलेली चेन नव्या कॅसेटवर जोर लावताच उडी मारते, आणि मग दोष कॅसेटला दिला जातो.

टप्पा ७: जुनं काढा, नवं बसवा

१. चेन सगळ्यात छोट्या कॉगवर आणा. डिरेलरवर क्लचची कळ असेल तर ती बंद करा. चाक काढा.

२. चेनव्हिपने मोठा कॉग अडवून धरा, लॉकरिंगचं टूल डावीकडे फिरवा. कडकड आवाज येऊन सुटतं. घाबरू नका, तो लॉकरिंगवरच्या खाचांचा आवाज आहे.

३. फ्रीहब पुसा. ॲल्युमिनियमचा असेल तर जुन्या कॉगांनी त्यात खाचा पाडलेल्या दिसतील. उथळ असतील तर कानशीने हलकेच सपाट करा.

४. ग्रीसचा पातळ हात द्या. नव्या कॅसेटच्या खोक्यात आतल्या बाजूची वॉशर आली असेल, तर ती कोणत्या फ्रीहबसाठी आहे ते कागदावर वाचा. रोडच्या काही १० स्पीड कॅसेटला १ मिलिमीटरची वॉशर लागते, एमटीबीच्या १० स्पीडला लागत नाही.

५. कॉग खाच जुळवून सरकवा. एक खाच बाकीच्यांपेक्षा अरुंद असते, त्यामुळे ते एकाच प्रकारे बसतात. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय.

६. नव्या कॅसेटबरोबर आलेलंच लॉकरिंग लावा. ४० न्यूटन-मीटर, म्हणजे हाताने बराच जोर.

तपासा: मोठा कॉग दोन बोटांत धरून आडवा हलवा. अजिबात हलता कामा नये. लॉकरिंग घट्ट असूनही कॉग खुळखुळत असतील तर वॉशर राहिली आहे किंवा फ्रीहब कॅसेटपेक्षा लांब आहे. उलट लॉकरिंगचे आटे पकडतच नसतील तर वॉशर जास्त झाली आहे किंवा फ्रीहब आखूड आहे. दोन्ही वेळा सायकल चालवायची नाही.

चेनरिंग बदलताना बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. ॲल्युमिनियमच्या बोल्टांवर लिहिलेल्या टॉर्कच्या पुढे गेलात तर डोकं तुटून हातात येतं.

टप्पा ८: चेनची लांबी

कॅसेट लहान झाली, चेन तीच ठेवली, तर छोट्या कॉगवर चेन लोंबते आणि डिरेलर तिला ताणू शकत नाही. ३२ आणि ४६ ची जोडी जाऊन ३४ आणि ३६ ची आली तर चेन साधारण ४ कड्यांनी आखूड होते. चेनरिंग ३२ चीच ठेवली तर ५ चा हिशेब येतो, आणि तिथे ४ च कापाव्यात. कड्या जोडीनेच जातात.

पण हिशेबावर कापू नका. नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढची चेनरिंग आणि मागचा सगळ्यात मोठा कॉग यांवरून गुंडाळा, दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे खूण करा. जुना नियम त्यात २ कड्या मिळवायचा आहे. वन-बायसाठी बनवलेल्या डिरेलरला काही वेळा त्याहून जास्त लागतात. त्याच्या कागदावर आकडा असतो, तो धरा. मागे शॉक असलेल्या सायकलला ही मापणी शॉकमधली हवा सोडून, चेन सगळ्यात जास्त ताणली जाईल त्या स्थितीत करायची.

शंका असेल तर लांब ठेवा. लांब चेन नंतर कापता येते.

टप्पा ९: ट्यूनिंग, याच क्रमाने

बहुतेक जण थेट बॅरल फिरवायला घेतात आणि मग सगळंच बिघडतं. क्रम असा ठेवा.

१. मागून पाहा: डिरेलरचा पिंजरा कॉगांना समांतर आहे का? हँगर (फ्रेमचा डिरेलर टांगलेला तुकडा) वाकलेला असेल तर पुढचं काहीच जुळणार नाही. आधी तो सरळ करून घ्या.

२. केबल मोकळी ठेवून, चेन छोट्या कॉगवर असताना एच स्क्रू (छोट्या कॉगकडची मर्यादा): वरची पुली छोट्या कॉगच्या बरोबर खाली यायला हवी.

३. केबल ताणून बोल्ट आवळा, ६ ते ७ न्यूटन-मीटर.

४. चेन मोठ्या कॉगवर नेऊन एल स्क्रू (मोठ्या कॉगकडची मर्यादा). इथे घाई नको. मोठा कॉग आता ४६ चा नाही. चेन त्यापलीकडे गेली तर थेट स्पोकांत शिरते.

५. बी स्क्रू (पुली आणि कॉग यांतली फट ठरवणारा). जुन्या ४६ साठी तो बराच आत फिरवलेला असतो. तो बाहेर सोडत जा, म्हणजे पुली कॉगच्या जवळ येते. चेन मोठ्या कॉगवर असताना पुली आणि कॉग यांच्यात ५-६ मिलिमीटर फट असावी. स्क्रू पूर्ण सोडूनही फट मोठीच राहिली तर डिरेलर या कॅसेटसाठी नाही, हे टप्पा ४ मध्ये सांगितलेलं इथे डोळ्यांना दिसतं.

६. आता बॅरल. मोठ्या कॉगवर चढायला चेन कुरकुरत असेल तर घड्याळाच्या उलट पाव फेरा. छोट्यावर उतरायला वेळ लागत असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा.

७. क्लच चालू करा आणि सगळे गिअर पुन्हा टाकून बघा.

स्टँडवर छान चालणारे गिअर पायाच्या जोराखाली वेगळे वागतात. म्हणून आधी गल्लीत, मग एखाद्या छोट्या चढावर बसून आणि उभं राहून तपासा. घाटाच्या पायथ्याला पहिली चाचणी घेऊ नका.

ड्रॉप बार हवाच असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना हे करू नका असंच सांगावं लागतं. एमटीबीची फ्रेम लांब असते आणि ड्रॉप बारमुळे हात आणखी पुढे जातात. आखूड स्टेम लावूनही पाठ दुखते. एमटीबीचे शिफ्टर २२.२ मिलिमीटरच्या हँडलसाठी असतात, ड्रॉप बार २३.८ चा, म्हणून ते त्यावर बसत नाहीत. ब्रेकचं आणखी वेगळं. केबलच्या डिस्क ब्रेकला रोडचा लीव्हर कमी केबल ओढतो आणि एमटीबी कॅलिपरला जास्त लागते. रोडच्या ओढीचा कॅलिपर घेतला नाही तर लीव्हर पूर्ण दाबूनही ब्रेक पुरता लागत नाही. उतारावर हे जिवावर बेतेल. हायड्रॉलिक असेल तर लीव्हर आणि कॅलिपर दोन्ही बदलायचे. ९-१० स्पीडमध्ये मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट किंवा ॲडव्हेंट एक्स गट त्यातल्या त्यात सोपा: त्यात ड्रॉप बारचे शिफ्टर आणि क्लचचा डिरेलर एकाच घरातले मिळतात.

बसवल्यानंतर

नवी केबल पहिल्या काही रपेटींत सैलावते. बॅरलचा पाव-अर्धा फेरा लागेल. त्याच वेळी लॉकरिंग आणि चेनरिंगचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा.

काढलेली ११-४६ विकू नका. सामान लादून लांबच्या डोंगरी रपेटीला जायचं ठरलं तर ती परत लागेल. पण आता कापलेली चेन तिच्यावर चालणार नाही. मोठ्या कॉगवर टाकताच चेन ताठ होईल आणि हँगर किंवा डिरेलर तुटेल. कापलेल्या कड्या आणि एक नवी क्विक लिंक एका पुडीत बांधून जुन्या कॅसेटलाच अडकवून ठेवा, आणि पुडीवर लिहा: आधी चेन, मग कॅसेट, मग बी स्क्रू.